स्वहस्ते सजविलेली कुंडी : अल्प खर्चाची सजीव भेट

शाळेच्या वर्षात भेट देण्याचे प्रसंग अनेक येतात. १९६२ पासून ५ सप्टेंबरला साजरा होणारा शिक्षकदिन, शेवटच्या इयत्तेचा निरोपसमारंभ, सेवानिवृत्त होणाऱ्या गुरुजींचा वा बाईंचा सत्कार, गणेशोत्सवासाठी मुंबईहून येणारे चाकरमानी आप्त, संक्रांतीचे वाण, ईदेच्या दिवशी शेजारघरचे बोलावणे, अशा प्रत्येक वेळी काहीतरी द्यावे ही इच्छा मुलाच्या मनात उत्पन्न होते. ही इच्छा स्वाभाविक असून शिक्षणदृष्ट्या तिचे मोल मोठे आहे. परंतु भेट म्हणजे बाजारातून विकत आणलेली वस्तू, असे एकदा ठरून गेले की वर्गात एक न दिसणारी भिंत उभी राहते. ज्याच्या घरी पैसा आहे तो चकचकीत कागदात गुंडाळलेली वस्तू घेऊन येतो. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो मुलगा त्या दिवशी शाळेतच येत नाही, किंवा आला तर मागच्या रांगेत मान खाली घालून बसतो. ही अनुपस्थिती हजेरीपटावर एका खुणेपुरतीच दिसते. तिचे कारण मात्र शिक्षकानेच ओळखावयाचे असते.

या अडचणीवर एक साधा उपाय आहे. जी वस्तू कोणालाच विकत घ्यावी लागत नाही आणि जी हातांच्या कष्टावाचून कोणालाच मिळत नाही, अशी भेट साऱ्या वर्गाने मिळून तयार करावी. रोप लावलेली, मुलांनी स्वतः सजविलेली कुंडी ही अशा प्रकारची भेट होय. म्हसळा तालुक्यात खाडीकाठची गावे, डोंगरउतारावरच्या वाड्या आणि नारळी-पोफळीच्या बागा आहेत. तेथे कुंडीचे पात्र, माती, रंग व रोप या चारही गोष्टी शाळेच्या हाकेच्या अंतरावर सापडतात.

पूर्वपीठिका

शोभिवंत पात्रात रोप लावण्याची कल्पना मराठी घराला नवी नाही. अंगणातील तुळशीवृंदावन ही कुंडीच आहे. कार्तिकात तुळशीच्या लग्नापूर्वी तिला गेरू व चुना लावून नटविण्याचे काम घरातील मुलेच हौसेने करतात. शाळेने याच ओळखीच्या कामाला थोडी शास्त्रीय दृष्टी व थोडी शिस्त द्यावयाची आहे.

हातांच्या कामातून शिक्षण हा विचारही महाराष्ट्राच्या भूमीतच देशापुढे मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षणपरिषदेने मूलोद्योगी शिक्षणाचा पाया घातला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साह्याने ते कार्य वाढविले. महागडी साधने खेड्यातील बालवाडीला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी परिसरातील बिया, पाने, खडे, शिंपले अशा वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनविले. समुद्रकाठच्या गरीब वस्तीत त्यांनी जे करून दाखविले तेच सूत्र येथे उपयोगी पडते : जे जवळ आहे त्यापासून प्रारंभ करावा.

पात्राची निवड

पात्र निवडताना एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी. कुंडी हे प्रथम रोपाचे घर आहे आणि नंतर शोभेची वस्तू आहे. रोपाची सोय झाल्यावरच शोभेचा विचार करावा. हा क्रम उलटला म्हणजे सुंदर कुंडीत मेलेले रोप पाहण्याची पाळी येते.

पहिले पात्र नारळाच्या करवंटीचे. नारळ फोडल्यावर त्याचे दोन भाग होतात. त्यांपैकी डोळे असलेला भाग घ्यावा. नारळाला तीन डोळे असतात. त्यांपैकी दोन कठीण व एक मऊ असतो. मऊ डोळ्यातूनच नारळाचा कोंब बाहेर पडतो. हा डोळा खिळ्याने सहज टोचता येतो आणि पाणी निघून जाण्याचे छिद्र त्यातूनच तयार होते. हे निरीक्षण मुलांकडून अवश्य करवून घ्यावे. करवंटीच्या बाहेरील शेंड्या काढून ती काचकागदाने घासावी व वर खोबरेलाचे बोट फिरवावे. काळसर तपकिरी रंगाची सुरेख झळाळी येते, निराळा रंग लावण्याची गरजही पडत नाही. करवंटीचा तळ गोल असल्यामुळे ती कलंडते; यासाठी पेंढ्याची किंवा काथ्याची लहानशी चुंबळ वळून तिच्यावर ती बसवावी. टांगावयाची असल्यास काठाजवळ समान अंतरावर तीन छिद्रे पाडून सुंभाने बांधावी.

दुसरे पात्र बांबूच्या पेराचे. बांबूच्या दोन पेरांमध्ये जो पडदा असतो तोच कुंडीचा तळ होतो. माणग्याचे पेर बहुधा भरीव असते, म्हणून पोकळ व रुंद असा कळक निवडावा. पडद्याच्या खाली दोन बोटे जागा ठेवून कापल्यास कुंडी सरळ उभी राहते व तळाच्या छिद्रातून पाणी मोकळे वाहते. ओल्या बांबूतील पिष्टमय अंशामुळे त्याला भुंगेरा लवकर लागतो. बांबू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यास हा अंश बराच निघून जातो.

तिसरे पात्र मातीचे. कुंभाराकडील किंचित तडा गेलेली, विक्रीस न चालणारी मडकी व घरातील जुने गाडगे यासाठी चालते. भाजलेल्या मातीला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून वाळते आणि मुळांना गारवा व हवा मिळते. माठातील पाणी ज्या कारणाने थंड होते तेच कारण येथेही आहे. कोरडी कुंडी प्रथम मातीतील पाणी स्वतःच शोषून घेते, म्हणून रोप लावण्यापूर्वी ती काही तास पाण्यात बुडवून ठेवावी.

तेलातुपाचे रिकामे डबेही उपयोगी पडतात. मात्र त्यांच्या कडा धारदार असतात. त्या शिक्षकांनी ठोकून आत वळविल्याखेरीज डबा मुलांच्या हाती देऊ नये. कोयता व करवत चालविणे आणि तापविलेल्या खिळ्याने छिद्र पाडणे ही कामेही मोठ्या माणसांनीच करावीत.

निचरा व माती

मुळांनाही श्वासोच्छ्वास करावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते. ती जागा सतत पाण्याने भरलेली राहिली की मुळे गुदमरतात व कुजतात. म्हणून प्रत्येक पात्राच्या तळाला पेन्सिल जाईल एवढे तरी छिद्र असावे आणि त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. पाणी जाते, माती राहते. वर्गात दोन डब्यांत एकाच जातीची रोपे लावून एका डब्याला छिद्र पाडावे व दुसऱ्याला पाडू नये. पंधरा-वीस दिवसांत मुलांना जे दिसेल ते फळ्यावरील वर्णनापेक्षा अधिक काळ लक्षात राहील.

मातीच्या बाबतीत या भागात एक विशेष दक्षता घ्यावी लागते. खाडीलगतच्या खारजमिनीतील माती काळी व सुपीक भासली तरी तिच्यात मीठ असते. वाळल्यावर तिच्यावर पांढुरका थर दिसतो. अशी माती कुंडीसाठी घेऊ नये. समुद्रकाठची वाळूही त्याच कारणाने वर्ज्य समजावी. डोंगरउतारावरची जांभ्याची तांबडी माती निचऱ्याला उत्तम असते, परंतु तिच्यात अन्नांश कमी असतो. यासाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग ओढ्याची वाळू किंवा भाताचे जुने तूस असे मिश्रण करावे. घमेल्याने माप घेऊन हे मिश्रण करताना प्रमाणाचा धडा आपोआप होतो. ताजे शेण वापरू नये; त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात.

रंग व सजावट

रंगकामाचा पहिला नियम असा की रंग बाहेरून लावावा, आतून कधीही लावू नये. मातीच्या कुंडीला सर्व बाजूंनी तैलरंग फासल्यास तिची सूक्ष्म छिद्रे बुजतात, माती उशिरा वाळते व नेहमीइतके पाणी घातल्यास मुळे कुजतात. म्हणून मातीच्या कुंडीला गेरू, चुना यांसारखे पाण्यात कालविलेले रंगच द्यावेत.

गेरूने रंगविलेल्या तांबड्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठीने पांढरी चित्रे काढण्याची वारली समाजाची रीत प्रसिद्ध आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील या स्त्रियांची लग्नप्रसंगीची भित्तिचित्रे पुढे जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी कागदावर उतरविली आणि जगापुढे नेली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वर्तुळ, त्रिकोण व रेषा एवढ्याच आकारांतून माणूस, झाड व प्राणी उभे करणारी ही पद्धत लहान हातांना सोपी जाते. परंतु मुलांनी वारली चित्रांची केवळ नक्कल करू नये. त्यांच्या डोळ्यांसमोर जे आहे, म्हणजे खाडीतील होडी, पोफळीवर चढणारा माणूस, भातलावणीची रांग, बाजाराचा दिवस, ते त्याच साध्या आकारांत मांडावे.

पिठीसाठी तांदूळ तीन-चार तास भिजवून बारीक वाटावेत व पाणी घालून दुधासारखे पातळ करावेत. गेरूत व पिठीत बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी घातल्यास रंग हाताला लागत नाही. बांबूची बारीक काडी टोकाला ठेचली म्हणजे कुंचला तयार होतो. काळ्या रंगासाठी दिव्याची काजळी घ्यावी. हळदीचा पिवळा रंग उन्हात लवकर उडतो, म्हणून तो अंगणातील कुंडीला लावू नये. मात्र हळदीत चुना मिसळल्यास ती तांबडी होते, आणि कुंकू याच गुणधर्मावर तयार होते, एवढा प्रयोग वर्गात जरूर दाखवावा. चुना शिक्षकांनी आधी विरवून थंड केलेलाच द्यावा; कळीचा चुना मुलांच्या हाताला लागू नये व डोळ्यांजवळ जाऊ नये.

श्रीवर्धन, दिवेआगरच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्यांनी सजावट करावयाची झाल्यास फक्त रिकामे शिंपले वेचावेत व ते गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवावेत, नाहीतर त्यांतील मीठ मातीत उतरते. पिठाची खळ पाण्याने सुटते. म्हणून शिंपले, बिया यांसारखे नग चिकटविण्यापेक्षा सुंभात ओवून कुंडीच्या गळ्याभोवती बांधणे अधिक टिकाऊ ठरते. गणपतीच्या कारखान्यातील उरलेल्या शाडूची नक्षी सुरेख दिसते. परंतु न भाजलेला शाडू पाण्यात विरघळतो, म्हणून ती पडवीत ठेवावयाच्या कुंडीलाच करावी. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये बंदी घातली आहे. तिचा उपयोग शाळेत होऊ नये हे सांगावयास नकोच.

हंगाम व रोप

या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत रोपे जोमाने वाढतात, पण गेरूचा रंग पागोळ्यांखाली धुऊन जातो. शिक्षकदिनासाठी म्हणूनच करवंटी किंवा बांबू हे पात्र उत्तम. त्यांची शोभा रंगावर अवलंबून नसते. संक्रांत व २६ जानेवारी या प्रसंगांना मातीची रंगविलेली कुंडी योग्य. तेव्हा रंग टिकतो, पण पाणी रोज पाहावे लागते.

करवंटीत एक-दोन मुठीच माती मावते. तिच्यात पानओवा, चिनी गुलाब किंवा लहान कोरफड लावावी. बांबूत व गाडग्यात झेंडू, सदाफुली, अबोली चालतात. झेंडूचे बी आठवड्याच्या आत उगवते व साधारण दोन महिन्यांत फूल दिसू लागते. फूल आलेली कुंडी द्यावयाची असेल तर पेरणीचा दिवस कॅलेंडरवर मागे मोजून ठरवावा. ही मोजणी मुलांनीच करावी.

भेट कोणाच्या घरी जावयाची आहे हेही पाहावे. म्हसळ्यासारख्या गावी हिंदू व मुसलमान कुटुंबे शेजारी नांदतात. एका अंगणात तुळशीचे रोप आवडीने ठेवले जाईल, तर दुसऱ्या घरी सब्ज्याचे रोप अधिक आपले वाटेल. तुळस आणि सब्जा ही एकाच प्रजातीतील भावंडे आहेत, हे पाने चुरगळून वास घेताच मुलांना पटते. घेणाऱ्याच्या आवडीचा विचार करणे हा भेटीच्या संस्काराचा अर्धा भाग होय.

पोफळीचे रोप

या तालुक्यात एका रोपाला निराळा अर्थ आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन व म्हसळ्याच्या भागातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या या पट्ट्यात पिढ्यांनी जोपासलेली झाडे गेली. पोफळीला पहिले पीक येण्यास पाच-सहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. बाग पुन्हा उभी करणे हे म्हणूनच एका हंगामाचे काम नव्हे. अशा घरी शाळेतील मुलाने पोफळीचे रोप भेट म्हणून न्यावे, यात केवळ शोभा नाही.

यासाठी पूर्ण पिकलेली, भरदार सुपारी सालासह निवडावी व देठाची बाजू वर ठेवून सावलीतील वाळूच्या वाफ्यात पेरावी. दीड ते तीन महिन्यांत कोंब येतो. दोन-तीन पाने फुटल्यावर रोप मोठ्या पात्रात हलवून सावलीत वाढवावे. बारा ते अठरा महिन्यांचे रोप बागेत लावण्याजोगे होते. माघात पेरलेले बी याप्रमाणे पुढील वर्षीच्या जूनमध्ये देता येते. या रोपाची कुंडी मात्र ऐन वेळी, पोफळीच्याच विरीची करावी. गळून पडलेली रुंद विरी पाण्यात भिजवून मऊ करावी, तिच्या कडा दुमडून बांबूच्या बारीक सळ्यांनी टाचाव्यात व तळाला छिद्रे पाडावीत. बाहेरून पिठीची चार चित्रे काढावीत. ही कुंडी फार दिवस टिकत नाही, आणि टिकावी अशी अपेक्षाही नाही. रोप तिच्यासकट खड्ड्यात लावावे; विरी मातीत कुजून खत होते. दोन पोफळींमध्ये सुमारे २.७ मीटर अंतर असावे व कोवळ्या रोपाला केळीची सावली द्यावी, हे घरच्या जाणत्या माणसांना माहीत असतेच. मुलाने ते त्यांना विचारून वहीत लिहून आणावे.

भेट देण्याची रीत

कुंडीबरोबर मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली एक चिठ्ठी द्यावी. रोपाचे नाव, ते कोणत्या दिवशी लावले, त्याला ऊन किती लागते, पाणी केव्हा घालावे, एवढीच माहिती तिच्यात असावी. सूचना थोडक्यात व स्पष्ट लिहिणे हा भाषेचा उत्तम अभ्यास आहे. कुंडीखाली बशी ठेवल्यास तिच्यातील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ती कोरडी करावी, हे चिठ्ठीत न विसरता लिहावे. साचलेल्या पाण्यात डेंगी पसरविणारे डास वाढतात.

मुंबईला जाणाऱ्या पाहुण्याबरोबर कुंडी पाठवावयाची असल्यास एस.टी.च्या प्रवासाचा विचार करावा. आदल्या दिवशी पाणी घालून निथळू द्यावे, मातीवर ओल्या काथ्याचा थर दाबून बसवावा व केळीच्या सोपटाने पात्र बांधावे. चाळीच्या खिडकीत गावाकडचा पानओवा हिरवा राहिला तर ती चिठ्ठीही कपाटात जपून ठेवली जाते.

शिक्षकांनी या कामाचा हिशेब मुलांकडून लिहवून घ्यावा. डिंक, काचकागद व बी एवढीच खरेदी संभवते, आणि तीही वर्गाने सामाईक करावी. कोणत्याही मुलाकडून पैसे मागू नयेत, तसेच कोणत्याही मुलाला घरून अधिक सजावटीचे साहित्य आणू देऊ नये. कुंड्यांवर गुणानुक्रम लावू नये. ज्याचा हात चित्रात चालत नाही त्याचा हात मातीत उत्तम चालत असेल. कातकरी वाडीवरील मुलाला कळक कोठे मिळेल व कसा निवडावा हे वर्गातील इतर सर्वांपेक्षा अधिक ठाऊक असेल. त्या दिवशी तो मागच्या रांगेत बसणार नाही अशी कामाची वाटणी करावी.

फूल नाही तर फुलाची पाकळी असे आपल्याकडे म्हणतात. या भेटीत मूल पाकळी देत नाही, फूल येईल असे झाड देते. आणि ते येईल किंवा नाही हे देणाऱ्याच्या श्रमावर व घेणाऱ्याच्या काळजीवर सारखेच अवलंबून राहते. म्हणून समारंभाच्या दिवशी काम संपले असे समजू नये. महिन्याने मुलांनी आपापल्या कुंडीची चौकशी करून यावे आणि किती रोपे जगली, किती मेली व का मेली याची नोंद वर्गात करावी. मेलेल्या रोपाची नोंद लपविण्याचे कारण नाही. तिच्यातूनच पुढील वर्षीची कुंडी अधिक चांगली होते.